जुन्या नाट्यगृहात आईला नाटक दाखवायचंय: कुठे नेऊ, कुठे बसवू?

कोथरूडची_कोल्हापुरी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आई हल्ली माझ्याकडे पुण्यात असते. वय ७८, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, कानाला यंत्र आहे. बाकी तब्येत ठणठणीत आणि मतं त्याहून ठणठणीत. रविवारी पेपर आला की आधी नाटकांच्या जाहिरातींचं पान, मग जगाच्या बातम्या. परवा फर्मान निघालं, "त्या गुळगुळीत एसी हॉलात नको. जुन्या थेटरात नाटक दाखव एकदा."

माहेर कोल्हापूरचं. तिच्या लेखी थेटर म्हणजे केशवराव भोसले, बाकी सगळी सभागृहं. ते ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, खुद्द केशवरावांची जयंती. त्या रात्रीचे व्हिडिओ सगळ्या ग्रुपांवर फिरत होते, आईने एकही बघितला नाही. त्यामुळे कोल्हापूर सध्या बाद.

पुणे किंवा मुंबई चालेल, मुंबईला मामेभावाकडे मुक्काम होऊ शकतो. संगीत नाटक मिळालं तर सोन्याहून पिवळं. कुठलं नाट्यगृह, कोणती रांग, जिने किती, हे जाणकारांनी सांगा. नुसतं "बालगंधर्वला जा" म्हणू नका, तेवढं मलाही माहीत आहे.

तिसरी_घंटा

बालगंधर्वलाच जा. :-)

गंमत सोडा. आईंना आत नेण्याआधी दहा मिनिटं हाताशी ठेवा आणि गोपाळ देऊसकरांनी काढलेली बालगंधर्वांची दोन तैलचित्रं दाखवा, एक पुरुषवेशातलं, एक स्त्रीवेशातलं. लोक त्यांच्यासमोर उभे राहून फोनवर "अरे कुठे आहेस, मी आत आलो" करत असतात, वर बघतही नाहीत. या वास्तूची कोनशिला ८ ऑक्टोबर १९६२ ला स्वतः बालगंधर्वांच्या हस्ते बसली. उद्घाटन मात्र २६ जून १९६८ ला, त्यांच्या जन्मदिवशी, आणि तोवर ते गेलेले होते. जुलै १९६७ मध्ये. उभारणीत पु.लं.चा मोठा वाटा होता.

तळमजल्याचं तिकीट काढा, बाल्कनीच्या भानगडीत पडू नका. साडेबाराचा प्रयोग असेल तर तोच घ्या. साडेपाचला जंगली महाराज रस्त्यावर गाडी लावायची म्हणजे पहिला अंक बाहेरच होतो.

पेठेतला_पक्का

१९६८ चं थेटर ऐतिहासिक कधीपासून झालं? माझा जन्म त्याच्या आधीचा आहे, मग मलाही फलक लावा. ऐतिहासिक म्हणायचं तर पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० ला आनंदोद्भव थिएटरात किर्लोस्करांचं संगीत शाकुंतल लागलं, ते खरं. ते कुठे गेलं? भानुविलासमध्ये नाटकं व्हायची, पुढे टॉकीज झालं. लक्ष्मी रोडवरचं विजय टॉकीज सगळ्यांना ठाऊक, त्याचं मूळ नाव लिमये नाट्यचित्र मंदिर आहे हे किती जणांना माहीत? १९३१ मध्ये बोलपट आला आणि नाटक कंपन्या पटापट बसल्या. थेटरमालकाला काय, पडदा वर गेला काय नि पांढरा झाला काय, भाडं मिळाल्याशी कारण. या शहरात जुनं थेटर उरलेलंच नाही. उरल्या त्या गप्पा.

तिसरी_घंटा

@पेठेतला_पक्का, काका, ज्या वास्तूला पाडून नवं संकुल बांधायचा प्रस्ताव निघतो आणि त्यावर वर्षानुवर्षं वाद झडतात, ती ऐतिहासिक झाली असं समजायला हरकत नाही. आपल्याकडे दुसरी कसोटी कुठे आहे?

चर्नीरोड_पूर्व

मुंबईचा पर्याय लिहितो. गिरगावात वाढलो, त्यामुळे थोडा पक्षपात असणार.

रॉयल ऑपेरा हाऊस. कोलकात्याचा नाट्यव्यावसायिक मॉरिस बँडमन आणि कोळशाच्या धंद्यातले जहांगीर फ्रामजी कराका या दोघांनी बांधलं. १९११ मध्ये बादशहा पंचम जॉर्ज आले तेव्हा उद्घाटन उरकून घेतलं, बांधकाम त्यानंतरही चालूच होतं. बालगंधर्व इथे उभे राहिले, मास्टर दीनानाथ उभे राहिले, पृथ्वीराज कपूर उभे राहिले. मग इथेही सिनेमा आला. १९५२ मध्ये गोंडलच्या राजघराण्याने विकत घेतलं, १९९३ मध्ये बंद पडलं. माझ्या आठवणीतलं ऑपेरा हाऊस म्हणजे बसस्टॉपचं नाव आणि पत्र्यामागची काळवंडलेली इमारत. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी जीर्णोद्धार केला आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पुन्हा उघडलं. पुढच्या वर्षी युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला.

आत गेल्यावर लगेच खुर्ची शोधू नका. आधी वर बघा. घुमटाचे आठ भाग आहेत, त्यांत कवी-नाटककारांना मानवंदना आहे. दोन्ही बाजूंना खासगी बॉक्स आहेत. सिनेमा आला तेव्हा त्यांची मोडतोड झाली होती, जीर्णोद्धारात पुन्हा उभे केले. जागा साधारण पावणेसहाशे, म्हणजे शेवटच्या रांगेतूनही नटाचा चेहरा दिसतो.

आता तोटे. तिकीट महाग. मराठी नाटक तिथे नेहमी लागेलच असं नाही, गाण्याच्या मैफली, इंग्रजी-हिंदी नाटकं, विनोदी कार्यक्रम जास्त. गाडी आणूच नका, चर्नी रोड स्टेशनवरून टॅक्सी करा.

आणि तिथवर आलातच तर केळेवाडीतलं साहित्य संघ मंदिर अजिबात चुकवू नका. ऑपेरा हाऊस बघायला छान आहे, पण मराठी नाटकाचा जीव संघात होता. डॉ. अ. ना. भालेरावांनी केळेवाडीत नाट्यमहोत्सव भरवले, त्यांच्याच नावाचं नाट्यगृह १९६४ मध्ये उभं राहिलं. गिरगावातला माणूस पुढे डोंबिवली-बोरिवलीला गेला आणि त्याच्या मागोमाग प्रयोगही गेले. चाळी रिकाम्या झाल्यावर थेटर कुणाच्या जिवावर चालणार? तरी अधूनमधून संगीत नाटक लागतं. पेपरावर नजर ठेवा.

काळा_पडदा

मी नाटकांना साउंड करतो. कुठे बसावं हा प्रश्न आहे तर जरा सविस्तर लिहितो, वाचायला वेळ काढा.

जुनं थेटर म्हणजे आवाज आपोआप चांगला, असं धरून जाऊ नका. माइक नव्हते त्या काळात बांधलेल्या थेटरांची लांबी कमी असते, बाल्कनी पुढे आलेली असते, लाकूड आणि गिलाव्याचं नक्षीकाम भरपूर असतं. हेतू एकच, शेवटच्या माणसाचं नटापासूनचं अंतर कमी राहावं आणि आवाज विखरून जावा, एकाच भिंतीवर आपटून परत येऊ नये. नट पुढे यायचा, प्रेक्षकांकडे तोंड करायचा आणि खड्या आवाजात बोलायचा. आज आम्ही त्याच हॉलात दोन्ही बाजूंना स्पीकर उभे करतो आणि नट एकमेकांकडे तोंड करून घरात बोलल्याइतक्या आवाजात बोलतात. म्हणजे इमारत एका पद्धतीची आणि नाटक दुसऱ्या. हे जुळवणं हेच आमचं काम.

त्यामुळे:

भिंतीला लागून बसलात तर एकाच स्पीकरचा मारा होतो, बोलणारा नट डावीकडे आणि आवाज उजवीकडून असं होतं. बाल्कनीच्या पोटाखालच्या शेवटच्या रांगा टाळा, तिथे छत डोक्यावर येतं, वरून परतणारा आवाज पोचत नाही आणि गाणं बोदं लागतं. पहिल्या दोन रांगांत मान अवघडते, नटांचे पाय दिसत नाहीत, आणि स्टेजच्या कडेवरच्या माइकच्या दांड्या डोळ्यांपुढे येतात. पाचवी ते दहावी रांग, मधला भाग. इथे बसलात की नव्वद टक्के प्रश्न सुटले.

संगीत नाटक असेल तर ऑर्गन आणि तबला कुठे बसणार आहेत ते बुकिंगला विचारा. काही ठिकाणी स्टेजपुढच्या खड्ड्यात, काही ठिकाणी विंगेला लागून. तबल्याच्या थेट समोरची खुर्ची नको, गायकाचे शब्द जातात.

आणखी एक, हे कुणी सांगत नाही. भरलेल्या हॉलचा आणि रिकाम्या हॉलचा आवाज वेगळा. दुपारी साउंड चेक करताना घुमणारा हॉल तिसऱ्या घंटेनंतर कोरडा पडतो, कारण माणसं आणि त्यांचे कपडे आवाज शोषतात. थंडीत शाली-स्वेटर आले की आणखी. म्हणून पहिली पाच मिनिटं आम्ही बोटं फेडरवर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणावर) ठेवून बसलेलो असतो. त्या पाच मिनिटांत आवाज कमी-जास्त झाला तर लगेच मागे वळून आमच्याकडे डोळे वटारू नका.

आईंच्या यंत्राबद्दल. यंत्राला नटाआधी शेजाऱ्याचा खोकला आणि वेफर्सचं पाकीट ऐकू येतं. बऱ्याच यंत्रांत संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम असतो. ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्याकडून तो लावून घ्या आणि घरी रेडिओवर आधी सवय करा. नाट्यगृहात बसल्यावर प्रयोग करायची ती जागा नाही.

कोथरूडची_कोल्हापुरी

@काळा_पडदा, तुमची पोस्ट आईला मोठ्याने वाचून दाखवली. तिचं म्हणणं, "केशवरावांना कुठला फेडर होता?"

मग गाडी सुरूच झाली. जुलै १९२१ मध्ये मुंबईत बालीवाला थिएटरात बालगंधर्व आणि केशवराव भोसल्यांनी मिळून संयुक्त मानापमान केलं, टिळक स्वराज्य फंडासाठी. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. तिच्या आजोबांना तो किस्सा ऐकवल्याशिवाय जेवण जात नसे. त्यानंतर तीनच महिन्यांत केशवराव गेले, वय अवघं ३१.

आणि तिची स्वतःची आठवण. थेटराच्या पाठीला खासबाग मैदान. नाटकाच्या दिवशी कुस्त्या असल्या की स्टेजवर नायिकेने पदराला डोळे लावावेत आणि मागून "आरं ढाक मार ढाक!" असा गिल्ला यावा. प्रेक्षक हसायचे, पण नायिका हुंदका मोडायची नाही. आईच्या मते नटीची खरी परीक्षा तीच.

रंकाळा_सांजवेळ

ताई, आईसाहेबांना कोल्हापूरहून नमस्कार सांगा. ढाक मार वाचून पाणी आलं डोळ्यात, खरंच.

बाहेरच्या लोकांसाठी थोडं सांगतो. शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपात गेले होते, तिथली थेटरं आणि रोमचं ते गोल मैदान बघून आले. परत आल्यावर आधी खासबाग, कुस्तीसाठी. त्याला लागूनच पॅलेस थिएटर, काम १९१३ ला सुरू झालं आणि १९१५ ला पूर्ण. राजाने पैलवान आणि नट यांना भिंतीला भिंत लावून जागा दिली, हे दुसरीकडे कुठं बघितलंय काय? पुढे १९५७ मध्ये पॅलेसचं नाव केशवराव भोसले झालं.

आग लागली त्या रात्री आम्ही पेठेतली पोरं धावत गेलो. बंब येत होते, पाणी मारत होते, पण आत सगळं लाकूड. रस्त्यावर उभ्या नाटकवाल्यांकडं बघवत नव्हतं. ज्यांनी कधी तालमीला पैसे मागितले नाहीत ती माणसं फुटपाथवर बसून रडत होती. स्टेज गेलं, छप्पर गेलं, खुर्च्या गेल्या. दगडी भिंती तेवढ्या राहिल्या. आता होतं तसंच उभारायचं ठरलंय. उभं राहिलं की पहिल्या प्रयोगाला आईसाहेबांना घेऊन या, पायरीवरून उचलून नेऊ.

पेठेतला_पक्का

पुन्हा बांधलेलं थेटर ऐतिहासिक कसं? प्रामाणिक प्रश्न आहे, भांडायचं नाही. भिंत जुनी, बाकी सगळं नवं सागवान. त्यात बसून "इथे केशवराव गायले" म्हणायचं?

टेम्सकाठचा_देशस्थ

@पेठेतला_पक्का, मी लंडनला असतो, इथलं ग्लोब थिएटर हे याचं टोकाचं उदाहरण. मूळ ग्लोब १५९९ चं. १६१३ मध्ये शेक्सपियरच्याच नाटकात तोफ उडवली, ठिणगी गवती छपरावर पडली आणि थेटर भस्म. वर्षभरात पुन्हा बांधलं, १६४४ मध्ये पाडलं. आज जे आहे ते १९९७ चं, तेही मूळ जागेपासून जरा बाजूला. म्हणजे एक विटसुद्धा जुनी नाही. तरी तिथे मोकळ्या अंगणात उभं राहून नाटक बघताना पाऊस डोक्यावर पडतो, छत्री उघडायला बंदी आहे, आणि नट चार हातांवर येऊन तुमच्याकडे बघून बोलतो. ते नाटक मुळात कशा गर्दीसाठी लिहिलं होतं ते दहा मिनिटांत कळतं. पुस्तक वाचून मला ते वीस वर्षांत कळलं नव्हतं. तेव्हा काका, लाकूड कोणत्या सालचं यापेक्षा नट आणि प्रेक्षक यांच्यातलं अंतर, उजेड, बसण्याची पद्धत तीच आहे का, हे बघावं.

छप्पर गवताचंच आहे बरं का, १६६६ च्या आगीनंतर लंडनमध्ये पहिलंच. पण त्यात पाण्याचे फवारे बसवलेत. व्हेनिसचं ला फेनिचे ऑपेरागृह १९९६ मध्ये जळालं, आणि त्यांनीही होतं तिथे, होतं तसं बांधून २००३ मध्ये उघडलं. कोल्हापूरकरांनी नक्षीसाठी जुनी छायाचित्रं जरूर बघावीत, वायरिंग मात्र आजचंच घालावं.

आणखी एक इथली चांगली पद्धत. जुन्या थेटरांत खांब असतात, तर खांबाआडच्या खुर्चीच्या तिकिटावर तसं स्पष्ट छापतात आणि पैसे कमी घेतात. आपल्याकडे खांब ही प्रेक्षकाला मिळालेली भेट असते.

काळा_पडदा

वायरिंगला हजार वेळा अनुमोदन. जुन्या लाकडी थेटरात सगळ्यात जुनी आणि सगळ्यात धोक्याची वस्तू वायर असते, आणि तिचं कौतुक कुणी करत नाही. कुठल्याही नाट्यगृहात शिरलात की बाहेर पडायचं जवळचं दार कुठलं आणि त्याला कुलूप तर नाही ना, हे बघून ठेवा. मी प्रत्येक दौऱ्यावर आधी तेच बघतो.

वडापाव_मध्यंतर

इतका वेळ पॉपकॉर्न घेऊन वाचत होते, आता राहवत नाही. सगळे घुमट नि नक्षी सांगताहेत, स्वच्छतागृहाबद्दल कुणी बोलेल का? ७८ वर्षांच्या बाईला घेऊन जायचंय! नाव घेत नाही, पण एका नाट्यगृहात मध्यंतरात बायकांची रांग थेट वड्याच्या स्टॉलपर्यंत आली होती आणि दुसऱ्या अंकाची घंटा झाली तेव्हा माझा नंबर पाचवा होता. पुरुषांना हे कळणार नाही, ते चहा पिऊन सिगारेट ओढून परत जागेवर बसलेले असतात.

ताई, माझा उपाय: मध्यंतराच्या पाच मिनिटं आधी आईंना घेऊन बाहेर पडा. कडेची खुर्ची असेल तर कुणाच्या पायावर पाय पडत नाही. संगीत नाटकात अंकाच्या शेवटी पद असेल तर मात्र जीव वर-खाली होतो, ते तुमचं तुम्ही ठरवा. आणि डासांचं मलम पर्समध्ये ठेवा. सुती शालही. पंखे बंद, एसी चालू आणि एसी बंद, पंखे चालू यांचा ताळमेळ मी आजवर कुठेच बघितलेला नाही.

खिडकीवरचा_माणूस

कडेच्या खुर्चीचा विषय निघाला म्हणून. मी बरीच वर्षं नाटकाच्या बुकिंगला बसलोय.

ऑनलाइन काढू नका. खिडकीवर या. आमच्यासमोर कागदी प्लॅन असतो, विकलेल्या खुर्चीवर निळ्या पेन्सिलीची फुली. तुम्ही "कडेची द्या" म्हणालात की आम्ही विचारतो, कोणता गुडघा? मोबाइल हे विचारत नाही. डावा पाय आखडला असेल तर स्टेजकडे तोंड केल्यावर पॅसेज डाव्या हाताला येईल अशी खुर्ची हवी. पाय लांब करता येतो, कुणी अडखळत नाही. उलट्या बाजूची घेतलीत तर तीन तास शेजाऱ्याच्या गुडघ्याशी गुडघा. कोणती खुर्ची कुरकुरते, कुठल्या खुर्चीवर एसीचं पाणी ठिबकतं, हेही आम्हालाच ठाऊक. फक्त सकाळी या, प्लॅन उघडल्या उघडल्या. प्रयोगाच्या पंधरा मिनिटं आधी येऊन "पाचव्या रांगेतली चार द्या" म्हणणाऱ्यांसाठी आमच्याकडे फक्त स्मितहास्य असतं.

लालबागचा_मालवणी

धाग्यात दामोदर कसं नाही आलं अजून? परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ चं, सोशल सर्व्हिस लीगचं. गिरणीतला माणूस पाळी संपवून घरी न जाता तालमीला जायचा, आणि वर्षातून एकदा गावच्या मंडळाचं नाटक दामोदरला. तिकीट विकायचा, नेपथ्य वाहायचा आणि स्टेजवर राजाही तोच व्हायचा. दशावतारही तिथेच बघितला, रात्र-रात्र. २०२३ च्या शेवटी पुनर्विकासासाठी बंद झालं, नाटकवाल्यांनी बराच विरोध केला. गावी आजी विचारते "दामोदराक नाटाक आसा काय?", काय सांगणार तिला. ताईंना नेण्यासारखं आता तिथे काही नाही, पण यादीत नाव असूदे.

सिमल्याचा_फोटोवाला

थोडं अवांतर. उत्तरेकडे कुणी फिरायला गेलात तर सिमल्याचं गेटी थिएटर बघा. १८८७ चं, हेन्री आयर्विनने बांधलेलं, घोड्याच्या नालासारखी बाल्कनी. दुरुस्तीनंतर २००९ मध्ये पुन्हा उघडलं. इतकं लहान आहे की नटाने श्वास घेतला तरी कळतं. मॉल रोडवर आइसक्रीम खात त्याच्यासमोरून हजारो मराठी माणसं जातात आणि आत एखादं हिंदी नाटक लागलेलं असतं. आत जा, एवढंच.

पेठेतला_पक्का

ताई, मी कुरकुर करतो पण सल्लाही देतो. सदाशिव पेठेतलं भरत नाट्य मंदिर. इमारत १९७० ची असली तरी संस्था १८९४ ची आहे आणि संगीत नाटकाचा धागा तिने सोडलेला नाही. हॉल आटोपशीर, गायकाचा आवाज तुमच्यापर्यंत पोचायला फार प्रवास करत नाही. पुरुषोत्तम करंडकाच्या, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या दिवसांत जाऊ नका, पोरांचं "आव्वाज कुणाचा" ऐकून आईंचं यंत्र बंद पडेल. रिक्षाने जा, दारात उतरा. चारचाकी नेलीत तर पार्किंग डेक्कनला मिळेल.

तिसरी_घंटा

पक्के काका १९७० ला मान्यता देतात आणि १९६८ ला नाही. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

पेठेतला_पक्का

संस्था १८९४ ची म्हटलं. नीट वाचा.

कोथरूडची_कोल्हापुरी

मंडळी, काल जाऊन आलो. भरत, संगीत सौभद्र.

खिडकीवर गेले, गुडघा सांगितला. सहाव्या रांगेतली कडेची खुर्ची मिळाली, पॅसेज डाव्या हाताला. (@खिडकीवरचा_माणूस, तुमच्या नावाने आईने आशीर्वाद दिलाय, घ्या.) यंत्राचा प्रोग्रॅम आधीच बदलून आणला होता. तो लावल्यावर घरी तिला कुकरची शिट्टी मैफलीसारखी ऐकू यायला लागली, ही वेगळी तक्रार. नाटकात मात्र उपयोग झाला.

नांदी सुरू झाली तशी आई पुढे सरकून बसली ती मध्यंतरापर्यंत तशीच. सुभद्रेचं काम करणारी मुलगी पंचविशीची असेल. पहिल्या पदाला आवाज जरा धरलेला होता, दुसऱ्यापासून मोकळा झाला. आई कानात कुजबुजली, "आता बसली." कोण, मुलगी की गळा, विचारायच्या आत पुढचा संवाद सुरू झाला. शेजारच्या गृहस्थांचा फोन दोनदा वाजला. दुसऱ्यांदा आईने त्यांच्याकडे वळून, अगदी गोड आवाजात, "बंद करा, नाहीतर मी घेते तो," असं सांगितलं. बंद झाला.

कृष्णाच्या एका पदाला वन्स मोअर आला आणि गायकाने ते पुन्हा म्हटलं, पण तसंच्या तसं नाही. दुसऱ्या वेळी तान लांबवली, समेवर येताना तबलजीकडे हसून बघितलं. आई म्हणाली, रेकॉर्डवर हे मिळत नाही. यावर घरी परतताना रिक्षात माझ्याशी वाद घातला की वन्स मोअर नाटकात असावा की नसावा. ती असावा, मी नसावा, रिक्षावाला असावा.

मध्यंतराआधी उठायचं ठरलं होतं, ती उठली नाही. @वडापाव_मध्यंतर, रांगेत उभे राहिलो. पण रांगेतल्या तिघी जणी सांगली-मिरजेकडच्या निघाल्या, तेव्हा आईचा वेळ बरा गेला. त्यांनी तिच्या डोक्यात नवं भरवलंय. ५ नोव्हेंबर, मराठी रंगभूमी दिन. १८४३ मध्ये त्याच तारखेला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत सीतास्वयंवर केलं, आणि भावे नाट्य मंदिरात त्या दिवशी विष्णुदास भावे गौरव पदक देतात. आता तिला सांगली हवी आहे. आम्ही ४ तारखेला गाडीने निघतो, मागच्या सीटवर दोन जागा आहेत. कुणी येणार का? आणि सांगलीत त्या दिवशी आत शिरायला किती आधी जावं लागतं?

कृष्णाकाठची_भेळ

सांगलीकर हजर. गर्दी असते, तासभर आधी या. आईंच्या पायासाठी पुढची कडेची खुर्ची मी धरून ठेवते, रुमाल टाकला की इथे कुणी उचलत नाही. जेवायला आमच्याकडे.

काळा_पडदा

एक जागा माझी. पण मी कराडला चढेन, ३ तारखेला तिथे प्रयोग आहे.

पेठेतला_पक्का

दुसरी माझी. पुढच्या सीटवर कोण बसणार ते आत्ताच ठरवा, मला मागे मळमळतं.